मुत्सद्देगिरीसाठी ‘पद्म’: माजी नेत्याचे नामांकन कसे करावे

पद्म पुरस्कारासाठी नाव सुचवायचे तर आमदार-खासदाराची चिठ्ठी हवी, असा समज अजून पक्का आहे. अशी कुठलीही चिठ्ठी लागत नाही. कोणताही नागरिक घरबसल्या नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचेसुद्धा, आणि त्याला शुल्क नाही. ‘दिल्लीत आमची ओळख आहे, थोडा खर्च येईल’ असे सांगत कोणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

कलावंत, डॉक्टर किंवा समाजसेवक यांचे नामांकन लिहिणे त्या मानाने सोपे जाते. खरी अडचण होते ती माजी नेत्याची, आणि त्यातही ‘यांनी परराष्ट्र संबंधांत मोठे काम केले’ एवढ्याच मुद्द्यावर नाव पुढे करायचे असेल तेव्हा. रुग्णालय बांधले तर ते उभे दिसते. करार होतो तेव्हा मात्र टेबलाभोवती वीस-पंचवीस माणसे असतात, मागे दोन सरकारांची दहा वर्षांची मेहनत असते, आणि त्यातले या एका माणसाचे नेमके किती, हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर येते. पहिल्यांदाच असे नामांकन करू पाहणारी मंडळे, संस्था, कार्यकर्ते आणि परदेशातली महाराष्ट्र मंडळे यांच्यासाठी हा लेख आहे.

मुत्सद्देगिरीला पद्म देण्याची पद्धत पुरस्कारांच्या जन्मापासूनची आहे. १९५४ साली, पद्मविभूषणाला अजून ‘पहिला वर्ग’ म्हणत होते तेव्हा, पहिल्या यादीत सहा नावे होती. त्यात रत्नागिरीत जन्मलेले बाळासाहेब खेर होते. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्रिपद सोडल्यावर ते लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले होते. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर असलेले व्ही. के. कृष्ण मेनन होते, आणि भूतानचे राजे जिग्मे दोरजी वांगचुकही होते. म्हणजे पहिल्या यादीतली निम्मी नावे परराष्ट्र व्यवहाराशी जोडलेली. औंधच्या राजघराण्यातले आणि पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त राहिलेले आप्पा पंत यांना त्याच वर्षी पद्मश्री मिळाली.

पायरी पहिली: योग्य दार कोणते ते ठरवा

नवख्यांचा सर्वांत जास्त वेळ चुकीच्या दारावर वाया जातो. ‘अमुक साहेबांना भारतरत्न द्या’ असे ठराव होतात, सह्यांचे गठ्ठे जमतात. पण भारतरत्नासाठी नागरिकाने भरायचा अर्जच नाही. पंतप्रधान थेट राष्ट्रपतींकडे नाव सुचवतात आणि त्यासाठी कोणाच्याही औपचारिक शिफारशीची गरज नसते. ठराव जरूर करा, तो वर्तमानपत्रात छापून येईल. पण त्याला नामांकन म्हणता येत नाही.

पी. व्ही. नरसिंह राव हे याचे चांगले उदाहरण. रामटेकने १९८४ आणि १९८९ मध्ये लोकसभेवर पाठवलेला, मराठी उत्तम बोलणारा हा तेलुगू माणूस २३ डिसेंबर २००४ रोजी वारला. भारतरत्न जाहीर झाले ९ फेब्रुवारी २०२४ रोजी आणि ३० मार्चला राष्ट्रपती भवनात त्यांच्या मुलाने ते स्वीकारले. मधल्या एकोणीस वर्षांत मागण्या झाल्या, पण निर्णयाची वेळ आणि जागा शेवटपर्यंत पंतप्रधानांच्या हातात होती.

गांधी शांतता पुरस्कार सांस्कृतिक मंत्रालयाकडून दिला जातो, रक्कम एक कोटी रुपये आणि निवड समितीचे अध्यक्ष पंतप्रधान. १९९५ साली तो पहिल्यांदा मिळाला टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांना. ओमानचे सुलतान काबूस आणि बांगलादेशचे शेख मुजीबुर रहमान यांना तो मरणोत्तर दिला गेला. तिथे नाव सुचवण्याचा अधिकार ठरावीक मंडळींनाच आहे, तेव्हा सामान्य वाचकासाठी हे दार जवळपास बंदच.

नेता भारतीय वंशाचा परदेशी नागरिक असेल तर प्रवासी भारतीय सन्मान पाहा. मूळ गोव्याचे घराणे असलेले पोर्तुगालचे अंतोनियो कोस्टा यांना तो २०१७ मध्ये, पंतप्रधानपदावर असतानाच मिळाला. ‘इंदिरा गांधी शांतता पुरस्कार’ नावाने राष्ट्रीय वाटतो, पण तो एका न्यासाचा आहे, भारत सरकारचा नव्हे.

राहिले पद्म. नागरिकासाठी खरे उघडे दार हेच. आणि ते परदेशी नेत्यांनाही खुले आहे, कारण पद्मच्या नियमांत वंश, व्यवसाय, पद किंवा लिंग यांचा भेद नाही. वर्षाला जास्तीत जास्त १२० ही मर्यादा आहे, पण मरणोत्तर पुरस्कार, अनिवासी भारतीय आणि परदेशी व्यक्ती त्या आकड्यात धरत नाहीत. म्हणजे तुम्ही सुचवलेला परदेशी माजी पंतप्रधान एखाद्या लोककलावंताची जागा खाईल, अशी चिंता नको. क्षेत्र निवडताना ‘सार्वजनिक व्यवहार’ घ्या. कारकीर्द राजदूत म्हणून, नोकरशाहीत गेली असेल तर ‘नागरी सेवा’. एस. जयशंकर यांना २०१९ ची पद्मश्री नागरी सेवेत मिळाली. तेव्हा ते परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झालेले होते आणि मंत्री व्हायचे होते.

पायरी दुसरी: पात्रता

इथे तीन गोष्टी नाव बाद करू शकतात.

सेवेत असलेला सरकारी कर्मचारी चालत नाही. सार्वजनिक उपक्रमांतला कर्मचारीही नाही. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ एवढा अपवाद. त्यामुळे पदावरच्या राजदूताचे नाव पाठवू नका, निवृत्तीची वाट पाहा.

आधी पद्म मिळालेले असेल तर वरचा पुरस्कार किमान पाच वर्षांनी. हे सोपे आहे, फक्त वर्ष मोजून पाहायचे.

मरणोत्तराचा नियम मात्र लोकांना ठाऊक नसतो आणि त्यावरून मने दुखावतात. पद्म पुरस्कार साधारणपणे मरणोत्तर देत नाहीत. फारच मोलाचे काम असेल आणि निधन अलीकडचे असेल, म्हणजे ज्या प्रजासत्ताक दिनी पुरस्कार जाहीर व्हायचा त्याच्या आधीच्या वर्षभरातले, तरच विचार होतो. २०२० ची यादी काढा आणि तारखा लावून बघा. सुषमा स्वराज ६ ऑगस्ट २०१९, अरुण जेटली २४ ऑगस्ट २०१९, मनोहर पर्रीकर १७ मार्च २०१९. आणि जॉर्ज फर्नांडिस २९ जानेवारी २०१९, म्हणजे आदल्या प्रजासत्ताक दिनानंतर अवघ्या तीन दिवसांनी. सगळी नावे त्या एका वर्षात बसतात. मनोहर जोशी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले आणि २०२५ च्या यादीत पद्मभूषण मिळाले. तेही त्याच चौकटीत.

म्हणून कोणी यशवंतराव चव्हाणांचे नाव पद्मसाठी भरू पाहत असेल तर थांबवा. १९७४ ते १९७७ त्यांनी परराष्ट्र मंत्रालय सांभाळले, त्याआधी संरक्षण, गृह, अर्थ. काम मोठे यात शंका नाही. पण निधन १९८४ चे. त्यांच्यासाठी उरते ते फक्त भारतरत्न, आणि तिथे अर्ज नाही हे वर आलेच.

पायरी तिसरी: ज्याचे नाव घालता त्याला विचारा

नियमात लेखी संमतीची तरतूद नाही. जाहीर करण्याआधी मंत्रालयातून फोन जातो, एवढेच. तरीही आधी विचारावे, कारण मुत्सद्दी मंडळींत नकाराची परंपरा मोठी आहे. १९७१ चा भारत-सोव्हिएत मैत्री करार आणि पुढचा सिमला करार यांमागचे एक प्रमुख डोके असलेले पी. एन. हक्सर यांनी १९७३ मध्ये पद्मविभूषण नाकारले. केलेल्या कामाचा पुरस्कार घेणे त्यांना अवघडल्यासारखे वाटत होते. सामरिक विषयांचे अभ्यासक के. सुब्रह्मण्यम यांनी १९९९ मध्ये पद्मभूषण नाकारले. वर उल्लेख आलेले जयशंकर हे त्यांचेच चिरंजीव. एकाच घरात दोन मते असू शकतात. २०२२ मध्ये पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांनी पद्मभूषण घेतले नाही, आणि ते जाहीर झाल्यानंतर, त्यामुळे सगळ्यांचीच पंचाईत झाली.

डाव्या चळवळीतला नेता, गांधीवादी, किंवा सरकारशी ज्याचे जाहीर मतभेद आहेत असा माणूस असेल तर हा प्रश्न टाळू नका. परदेशी नेत्याच्या बाबतीत त्याच्या कार्यालयाला पत्र लिहिण्यापूर्वी तिथल्या भारतीय दूतावासाशी बोलून घ्या. एखाद्या देशाच्या माजी प्रमुखाला भारताचा सन्मान हा त्या देशातल्या आजच्या सरकारसाठी गोड किंवा कडू संदेश असतो, आणि तो हिशेब तुम्ही-आम्ही नव्हे, परराष्ट्र मंत्रालय करते.

पायरी चौथी: त्या माणसाचे काम वेगळे काढा

सगळे नामांकन उभे राहते ते इथे. बाकीच्या पायऱ्या दोन संध्याकाळी उरकतात, हिला महिना द्या.

शिंझो आबे यांचे उदाहरण घेऊ. जपानचे पंतप्रधानपद त्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये सोडले आणि २५ जानेवारी २०२१ रोजी त्यांना पद्मविभूषण जाहीर झाले, क्षेत्र सार्वजनिक व्यवहार. समजा ते नामांकन आपल्याला लिहायचे होते. माहिती शोधायला बसलात की तासाभरात समोर जपानशी जोडलेली कामांची लांबलचक यादी येईल: दिल्ली मेट्रो, मुंबईची मेट्रो ३, शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, अणुकरार, मलबार नौदल सराव, क्वाड हा भारत, जपान, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट. मोह होतो की सगळे घालावे.

घालू नका. दिल्ली मेट्रोचे पहिले जपानी कर्ज १९९७ चे. आबे तेव्हा साधे खासदार होते. मेट्रो ३ चा पहिला कर्जकरार २०१३ चा आणि अटल सेतूचा २०१७ चा. दोन्ही त्यांच्या काळातले खरे, पण ते जपानच्या विकास सहकार्य संस्थेने, जायकाने, तिच्या नेहमीच्या पद्धतीने दिलेले कर्ज. टोकियोत दुसरा कोणी पंतप्रधान असता तरी ते बहुधा मिळाले असते. मुंबईकर म्हणून आपल्याला अटल सेतूचे कौतुक असेल, पण तो आबेंच्या मुत्सद्देगिरीचा पुरावा नाही. समितीतल्या एखाद्या निवृत्त सचिवाला हे पहिल्या वाचनात कळते आणि मग त्याचा उरलेल्या कागदावरचाही विश्वास उडतो.

आता चाळणीत काय उरले ते पाहा. ऑगस्ट २००७ मधले भारतीय संसदेतले भाषण. त्यात त्यांनी हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर ही एकमेकांत मिसळणारी दोन जळे आहेत, अशी मांडणी केली. भाषणाचे नावही मुघल राजपुत्र दारा शुकोहच्या ग्रंथावरून घेतलेले. आज दिल्लीपासून वॉशिंग्टनपर्यंत सगळे ‘हिंद-प्रशांत’ म्हणतात, तेव्हा कोणी म्हणत नव्हते. हे त्यांचे स्वतःचे. नोव्हेंबर २०१६ मध्ये टोकियोत झालेला नागरी अणुकरार, जो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या भारताशी असा करार करणे, हे हिरोशिमा-नागासाकी भोगलेल्या देशात कोणत्याही पंतप्रधानाला जड गेले असते. त्यांनी ती किंमत मोजली. आणि बुलेट ट्रेन: डिसेंबर २०१५ चा करार, प्रकल्पखर्चाच्या ८१ टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीला स्वतः येऊन केलेले भूमिपूजन. नेहमीच्या कर्जापेक्षा अटी इतक्या वेगळ्या आहेत की इथे राजकीय इच्छाशक्ती स्पष्ट दिसते. ५०८ किलोमीटरचा हा मार्ग वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसरवरून जातो. पालघरमध्ये जमिनीवरून झालेला विरोध आणि रखडलेले वेळापत्रक सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून नामांकनात ‘रेल्वे आणली’ न लिहिता ‘या अटींवर करार केला’ असे लिहावे. तेवढेच त्यांच्या हातात होते.

म्हणजे सात-आठ कामांतून तीन उरली. तीन पुरेत.

चाळणी लावताना मी दोन प्रश्न विचारतो. त्या खुर्चीवर दुसरा असता तर हे झाले असते का? आणि हा माणूस गेल्यावर ते टिकले का? दुसऱ्या प्रश्नाला नरसिंह रावांइतके चांगले उत्तर क्वचित सापडेल. २९ जानेवारी १९९२ रोजी इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंगमध्ये प्रत्यक्ष ताबारेषेवर शांतता राखण्याचा करार. आग्नेय आशियाई देशांच्या आसियान या संघटनेशी १९९२ मध्ये मर्यादित आणि १९९५ पासून पूर्ण संवाद-भागीदारी. त्यांच्यानंतर आलेल्या सगळ्या रंगांच्या सरकारांनी हे धोरण चालू ठेवले, २०१४ नंतर पूर्वेकडच्या देशांविषयीच्या ‘लुक ईस्ट’ धोरणाचे नाव ‘ॲक्ट ईस्ट’ झाले इतकेच. विरोधकांनी पुढे नेलेले काम हा सगळ्यांत बळकट पुरावा, कारण तो तुमच्या माणसाच्या समर्थकांकडून येत नाही. १९९४ मध्ये जिनिव्हाला मानवाधिकार आयोगापुढे काश्मीरचा प्रश्न आला तेव्हा रावांनी भारताच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयींकडे दिले. असा एक प्रसंग परिच्छेदभर स्तुतीपेक्षा जास्त सांगतो. 

आणखी एक मोह आपल्याकडचा खास: आपल्या गावचा म्हणून. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे मूळ गाव मालवण तालुक्यातले वराड. २०१९ च्या डिसेंबरात ते सहकुटुंब गावी येऊन गेले, साऱ्या सिंधुदुर्गाला अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. पण उद्या कोणी त्यांचे नामांकन भरायचे ठरवले तर वंशावळ एका वाक्यात संपवून भारत-आयर्लंड संबंधांत काय केले ते दाखवावे लागेल. तिथे कागद मिळत नसेल तर नामांकन करू नये. मॉरिशसचे अनिरुद्ध जगन्नाथ यांना २०२० मध्ये पद्मविभूषण मिळाले ते ते भारतीय वंशाचे होते एवढ्यावर नव्हे. पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष म्हणून अनेक दशके त्यांनी हिंदी महासागरात भारताची साथ धरली. तिथला मराठी भाषक समाज अशा नामांकनाला पहिल्या हाताची माहिती देऊ शकतो, ही परदेशस्थ मंडळांची खरी ताकद आहे. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असलेला देश आहे तो.

कागद कुठे शोधायचे? परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संयुक्त निवेदने आणि द्विपक्षीय करार तारखेनिशी आहेत. लोकसभेच्या चर्चा डिजिटल ग्रंथालयात मिळतात. पत्र सूचना कार्यालयाची जुनी प्रसिद्धिपत्रके आहेत. नेत्याच्या आत्मचरित्रावर एकट्यावर विसंबू नका, आत्मचरित्रात प्रत्येक करार लेखकानेच केलेला असतो.

वादाच्या बाजूचे काय? माजी नेता म्हटला की ती असतेच. युद्धात मेलेल्या जपानी सैनिकांचे, त्यात युद्धगुन्हेगारांचेही, स्मरण जिथे होते त्या यासुकुनी मंदिरात आबे डिसेंबर २०१३ मध्ये गेले आणि चीन-कोरिया संतापले. रावांच्या काळात बाबरी मशीद पडली. नामांकनात वकिली करायला बसू नका. जो विषय आहे, परराष्ट्र संबंध, तेवढ्यावर राहा. मात्र खटला चालू असेल, शिक्षा झाली असेल, तर ते लपवून काही साधत नाही. चारित्र्य आणि पूर्वेतिहासाची पडताळणी केंद्रीय यंत्रणा करतात आणि त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जाड फाइल असते.

पायरी पाचवी: ८०० शब्द

अर्जात कामाचे वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचे असते. सगळ्यांना हे कमी वाटते. सभेतल्या परिचयाची सवय लागलेल्या माणसाचे तर ८०० शब्द विशेषणांतच जातात. आबेंसाठी असा मसुदा सहज तयार होतो:

‘श्री. आबे हे द्रष्टे, कणखर व जागतिक कीर्तीचे नेते असून भारतावर त्यांचे निरतिशय प्रेम होते. त्यांच्या कुशल नेतृत्वाखाली भारत-जपान मैत्री नव्या उंचीवर पोहोचली. त्यांचे कार्य शब्दांत मांडणे अशक्य आहे.’

शब्दांत मांडणे अशक्य असेल तर फॉर्म भरायचा कशाला? हाच मजकूर पुन्हा लिहू:

‘ऑगस्ट २००७ मध्ये भारतीय संसदेत बोलताना श्री. आबे यांनी हिंदी आणि प्रशांत महासागरांचा एकत्र विचार मांडला. पुढे तो भारतासह अनेक देशांच्या धोरणाचा भाग झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांच्या सरकारने भारताशी नागरी अणुकरार केला. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी जपानने केलेला हा असा पहिला करार. त्यासाठी देशांतर्गत विरोध पत्करावा लागला.’

एकही विशेषण नाही, आणि वाचणाऱ्याला माणूस मोठा वाटतो. असे दोन-तीन परिच्छेद, प्रत्येकात एक काम, तारीख, अडचण आणि परिणाम. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदे यांसाठी अर्जात वेगळे रकाने आहेत. ८०० शब्दांत ते पुन्हा लिहू नका. मंडळाच्या अध्यक्षांचा संदेशही नको. मसुदा मराठीत विचार करून लिहा, मग दिल्लीत वाचला जायचा म्हणून हिंदी किंवा इंग्रजीत नीट उतरवून घ्या, आणि उतरवणाऱ्याला सांगा की परत विशेषणे घालू नकोस.

पायरी सहावी: पोर्टल

नामांकन फक्त ऑनलाइन, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर: अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन. टपालाने पाठवलेल्या बाडाला आता अर्थ नाही. नोंदणी करायची, पुरस्कारांच्या यादीतून पद्म निवडायचा, रकाने भरायचे, वर्णन चिकटवायचे, सादर करायचे. शेवटच्या दिवशी बसू नका. मुदत दरवर्षी बदलते: २०२५ च्या पुरस्कारांसाठी १५ सप्टेंबर २०२४ पर्यंत वेळ होता, पण २०२६ साठी नामांकने १५ मार्च २०२५ लाच सुरू झाली आणि शेवटची तारीख सुरुवातीला ३१ जुलै ठेवली होती. गणपतीनंतर निवांत बघू म्हणणाऱ्यांची तिथेच गाडी चुकली. गृह मंत्रालयाची त्या वर्षाची सूचना स्वतः वाचा, मागच्या वर्षीच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर जाऊ नका.

राज्य सरकारचीही आपली शिफारस असते. जिल्हाधिकारी कार्यालयांमार्फत प्रस्ताव मागवले जातात आणि मुंबईत समिती यादी ठरवते. तुमचा माणूस महाराष्ट्राचा असेल तर त्या बाजूनेही प्रयत्न करा. एकाच नावासाठी दोन्ही मार्ग चालतात. कर्नाटकचे माजी मुख्यमंत्री एस. एम. कृष्णा २००४ ते २००८ महाराष्ट्राचे राज्यपाल होते, नंतर परराष्ट्रमंत्री झाले आणि २०२३ मध्ये पद्मविभूषण झाले, यादीत नाव कर्नाटकच्या खात्यावर. अशा दोन-तीन राज्यांच्या माणसाचे राज्य कोणते लिहायचे ते आधी ठरवून घ्या.

पायरी सातवी: पुढे

पंतप्रधान दरवर्षी पद्म पुरस्कार समिती नेमतात. अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, सदस्य गृह सचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर. त्यांची शिफारस पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मंजुरीसाठी जाते. या काळात तुम्हाला करण्यासारखे काही नसते. पाठपुराव्याची पत्रे लिहू नका, मंत्र्यांच्या दौऱ्यात निवेदन देऊ नका.

२५ जानेवारीच्या संध्याकाळी यादी येते. नाव आले तर समारंभ साधारण मार्च-एप्रिलमध्ये राष्ट्रपती भवनात होतो. पूर्वीच्या दरबार हॉलला जुलै २०२४ पासून गणतंत्र मंडप म्हणतात. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक मिळते. पदकावर मधोमध कमळ, वर देवनागरीत ‘पद्म’ आणि खाली ‘विभूषण’, ‘भूषण’ किंवा ‘श्री’. सोबत एक छोटी प्रतिकृती असते, ती सरकारी समारंभांत लावता येते. रोख रक्कम नाही, रेल्वे-विमानाची सवलत नाही.

आणि सत्काराचे फलक छापायला टाकण्यापूर्वी एक गोष्ट. पद्म ही पदवी नव्हे. घटनेच्या १८ व्या कलमाने पदव्या बंद केल्या आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या बालाजी राघवन खटल्यात सांगितले आहे की हे पुरस्कार नावाच्या पुढे-मागे जोडता येणार नाहीत. ‘पद्मविभूषण अमुकराव’ असे कमानीवर, पत्रिकेवर, लेटरहेडवर लिहू नका. ‘अमुकराव, ज्यांना २०२६ चे पद्मविभूषण मिळाले’ असे वाक्यात लिहिलेले चालते.

नाव आले नाही तर कारण कळवले जात नाही, आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. मसुदा आणि पुराव्यांची फाइल जपून ठेवा, मधल्या काळात नेत्याच्या कामाचा पुढे काय परिणाम झाला ते त्यात भरत राहा आणि मार्चच्या सुरुवातीला पोर्टल उघडले का ते पाहा.